धरलेली जागा

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा स्वेटर आहे आणि राहायला रत्नागिरीत आहे. हसू आलं ना? येऊ द्या. जिथे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो, तिथे स्वेटरला कोण विचारतो? जवळजवळ सगळं वर्ष मी कपाटाच्या वरच्या फळीवर डांबरगोळ्यांच्या सोबतीने काढतो. त्या गोळ्यांना बोलता येत नाही. एकटेपणा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको.

मला हेमाबाईंनी विणलं. त्या दत्तात्रेय सरांच्या पत्नी. सर शाळेत भूगोल शिकवायचे. थंड प्रदेशांची माहिती मुलांकडून घोकून घेणारे हे सर पहिल्यांदा ऐन हिवाळ्यात पुण्याला गेले ते नुसत्या शर्टावर, आणि दातावर दात वाजवत परत आले. मग हेमाबाईंनी जांभ्या दगडाच्या रंगाची लोकर आणली. विणकामाचा हा त्यांचा पहिलाच प्रयत्न होता. त्यामुळे माझी डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब झाली. "उसवायची कशाला? दुमडली की झालं," असं म्हणून त्यांनी मला सरांच्या अंगात घातलं आणि बाही स्वतःच्या हाताने दुमडून दिली. पुढे प्रत्येक हिवाळ्यात ती त्यांनीच दुमडली. सरांना ते काम कधी जमलंच नाही, किंवा त्यांनी जमवून घेतलं नाही.

वर्षातून एकदा, थंडी पडली की, शनिवार-रविवार धरून हे कुटुंब पुण्याला जायचं. सर, हेमाबाई आणि त्यांची मुलगी नीरजा. दोन नाटकं बघायची, पर्वती चढायची, संग्रहालयातले जुने दिवे आणि अडकित्ते बघायचे, तुळशीबागेत उगाच फिरायचं. तशी नाटकं रत्नागिरीतही येतात. पण हेमाबाई म्हणायच्या, "नाटक बघून घरी येऊन मलाच भात लावायचा असेल, तर ते नाटक कसलं?" 

आंबा घाट लागला की गाडीच्या खिडकीतून बोचरा वारा यायचा आणि सर मला पिशवीतून बाहेर काढायचे. मित्रांनो, त्या क्षणासाठी मी वर्षभर जगायचो.

खरं सांगायचं तर माझा जन्म थंडीसाठी झाला, पण काम मिळालं जागा धरायचं. एसटी फलाटाला लागायच्या आत हेमाबाई मला खिडकीतून आत फेकायच्या; जागा मिळाली की मी परत पिशवीत. लोक रुमाल टाकतात. हेमाबाई म्हणायच्या, "रुमाल कोणीही उचलून बाजूला ठेवतो, स्वेटरला मान असतो." एकदा त्यांनी मला घाईत चिपळूणच्या गाडीत फेकलं. गाडी सुटली. सर मागून ओरडत धावले, तेव्हा कंडक्टरने मला खिडकीतून परत दिलं. नीरजा तेव्हा लहान होती. ती फलाटावर खाली बसून हसली होती.

नाट्यगृहातही माझं तेच काम. मध्यंतर झालं की मागच्या रांगेतली माणसं पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर सरकतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. हेमाबाई बटाटेवडे आणायला उठायच्या आणि मला आपल्या खुर्चीवर ठेवायच्या. कोणी विचारलं, "इथं कोणी आहे का?" की सर ऐटीत सांगायचे, "आहेत. येतायत." आणि हेमाबाई खरंच यायच्या. हातात तेलाने ओला झालेला कागद असायचा. मला मांडीवर घेऊन त्या बसायच्या. माझ्यावर चटणीचा एक डाग आहे. तो मी अजून जपून ठेवला आहे.

आमच्या कोकणात पावसाळ्यात सगळ्याला दमट वास येतो, कपड्यांना बुरशी धरते. म्हणून पाऊस ओसरला की हेमाबाई मला खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आणून ऊन दाखवायच्या. या अंगावरून त्या अंगावर करायच्या. त्यांच्या मनात तेव्हा पुण्याचे बेत सुरू झालेले असायचे, आणि माझ्याही.

मग गेल्या पावसाळ्यात हेमाबाई आजारी पडल्या. त्यांना दवाखान्यात नेलं आणि त्या परत आल्या नाहीत.

मी कपाटात होतो. मला बाहेरचे आवाज तेवढे ऐकू यायचे. माणसं आली, माणसं गेली, नीरजाही चिपळूणला आपल्या नोकरीवर गेली. मग घर गप्प झालं. शेजारचा बाबल्या रोज संध्याकाळी कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी उभा राहून हाक मारायचा, "मास्तर, येता का भायेर? जरा बसू." आणि सर खोलीतूनच म्हणायचे, "नंतर रे." ते नंतर काही यायचं नाही. पाऊस संपला, ऊन पडलं, पण मला कोणी ऊन दाखवलं नाही. सरांनाही नाही. कपाटात मी आणि खोलीत ते, दोघंही आत राहून कुबट झालो होतो.

डिसेंबरात नीरजा आली आणि म्हणाली, "बाबा, पुण्याला जाऊ या."

"नको गो."

"आईला आवडलं असतं का तुमचं हे?"

सर उठल्याचा आवाज आला. मग कपाट उघडलं. नीरजाने मला नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं, तरी तिने मला पिशवीत भरलं.

आंबा घाटात सरांनी मला घातलं. डावी बाही लोंबत राहिली. त्यांनी ती दुमडली नाही आणि नीरजाच्या ते लक्षात आलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं मला फार वाईट वाटलं.

नाट्यगृहात गेल्यावर कळलं, की नीरजाने मोबाइलवर तीन तिकिटं काढली होती. सवयीने. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी राहिली. नीरजाचा चेहरा पडला. "बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. सरांनी नुसती मान हलवली. मध्यंतरात त्यांनी मला अंगातून काढलं आणि त्या खुर्चीवर ठेवलं.

मागच्या रांगेतल्या एक बाई आल्या. "काका, इथं कोणी आहे का?"

"आहेत," सर म्हणाले. "येतायत."

बाई परत गेल्या. मित्रांनो, मी कपाटातून सगळं ऐकलेलं होतं, मला सगळं ठाऊक होतं. तरीही मी दाराकडे बघत राहिलो. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, बटाटेवडे घेऊन कोणी आलं नाही. पुढचा सगळा अंक लोक हसत होते. नाटक विनोदी होतं. मी आयुष्यात खूप जागा धरल्या, पण इतकी जड जागा कधी धरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते पर्वतीवर गेले नाहीत. दुसरं नाटकही पाहिलं नाही. लवकरची गाडी धरून आम्ही परत आलो, आणि मला वाटलं, आता कपाट, आता कायमचं.

पण सकाळी सरांनी मला उचललं, वास घेतला आणि म्हणाले, "हिने तुला असा राहू दिला नसता." त्यांनी खळ्यात दोन खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीवर मला पसरलं आणि दुसरीवर स्वतः बसले. किती महिन्यांनी ते उन्हात आले होते! अंगणातल्या आंब्याच्या कलमाला मोहोर फुटला होता. ते मधूनच उठून मला उलटं करत होते, अगदी हेमाबाई करायच्या तसं.

बाबल्याने गडग्यावरून पाहिलं आणि तो घाईने आत आला. माझ्या खुर्चीपाशी येऊन मात्र अडखळला. "मास्तर, हितं कोन हाय का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मीही श्वास रोखला, स्वेटरला जेवढा रोखता येतो तेवढा.

"नाही," सर म्हणाले. "आता कोणी येत नाही. तू बस."

त्यांनी मला उचलून मांडीवर घेतलं, हेमाबाई घ्यायच्या तसं. बाबल्या बसला. मग बाबल्या मोहोराविषयी काहीतरी बोलायला लागला, आणि ऐकता ऐकता सरांच्या हाताने माझी डावी बाही आपोआप चार बोटं दुमडली.

मित्रांनो, मी पुन्हा कपाटात आहे. हेमाबाईंची आठवण येते, फार येते. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या जुन्या कपड्यांना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. आणि कोणी माणूस आत बसून राहिलं असेल, तर बाबल्यासारखी रोज हाक मारत राहा. ते "नंतर" म्हणेल. तरी मारा.