उकिरड्यापाशी उजवीकडे

नाकासमोर चालणारी माणसं पुष्कळ असतात. महादेवप्पा नाकाच्या भरवशावर चालायचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तरी अक्कलकोटजवळच्या त्या गावात ते रोज संध्याकाळी एकटे मठात जात आणि एकटेच परतत. घराच्या कोपऱ्यावर त्यांचाच उकिरडा होता. तो घमघमला की उजवीकडे वळायचं. कुणी हात धरलेला त्यांना खपत नसे.

त्यांची बायको ईरम्मा हिला मात्र त्या उकिरड्याची लाज वाटे. पावसाळ्यात त्याचं पाणी ओढ्यात उतरायचं. उघडा उकिरडा आता नियमात बसत नाही, पण गोठ्यामागे झाकणाचा पक्का खड्डा बांधायला सरकार अनुदान देतंय, असं ग्रामसेविका ऋतुजा सांगायला आली, तेव्हा ईरम्मा हरखली. पण ऋतुजा उठायच्या आतच तिच्या मनात आलं, उकिरडा गेला तर यांना वळण कसं कळणार?

"बाई, थोडा वास ठिवता येतो का?"

"आजी, वास घालवायलाच तर पैसे मिळतायत," ऋतुजा म्हणाली.

खड्डा झाला. कोपरा झाडून लख्ख झाला. त्या संध्याकाळी ईरम्मा नवऱ्याला म्हणाली, "मी येते मठात आणायला."

"म्हंजे उद्यापास्नं मी घरातच बसू व्हय?" महादेवप्पा काठी घेऊन निघालेसुद्धा. तिला त्यांचा राग आला आणि काळजीही वाटली.

दिवेलागणीला ती दारात उभी राहिली. ते आले, अगदी ऐटीत, आणि कोपरा ओलांडून तसेच पुढे निघाले. पुढे हमरस्ता होता. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून धावत होते.

"अवो!" ईरम्माने हाक मारली. ते थांबले नाहीत. त्या गोंगाटात आवाज कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता, आणि 'अवो' तर त्या वेळी आळीतली प्रत्येक बाई कुणाला ना कुणाला म्हणतच असते. धावायला जावं, तर गुडघे साथ देईनात.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढचा सगळा संसार तिने 'अवो'वर निभावला होता. तिने डोळे मिटले.

"महादेवप्पा!"

शेजारणी दारात आल्या. रस्त्याच्या कडेला काठी थबकली. महादेवप्पा वळले, हाकेच्या रोखाने हळूहळू परत आले आणि पायरीशी उभे राहिले. चेहरा नवरदेवासारखा लाजलेला. ईरम्माला हसूही आलं आणि रडूही.

"चुकलंच माजं," ती पुटपुटली. "नाव घेतलं."

"उद्या बी मी एकलाच येनार," ते म्हणाले. "तू असंच नाव घे."