किड्याचं उष्टं

“कोबीएवढं?” सपियाच्या हातातला घास हातातच राहिला. “माझा केसुमचा पाला आणि कोबी एका पंगतीत?”

“प्रयोगशाळेनं तसं लिहिलंय, मेक,” हसनिता कागद पुढे करत म्हणाली. जिल्हा रुग्णालयात कोणत्या रोग्याला काय वाढायचं ते ठरवणारी ही पोरगी सपियाला आपुलकीनं ‘मेक’ म्हणायची. “शरीराला आतून गंजू न देणारं सत्त्व असतं ना, अँटिऑक्सिडंट, ते तुमच्या पानांत फारसं नाहीच. आता मोठ्या डॉक्टरांपुढे काय बोलू मी?”

सपियानं एकोणतीस वर्षं त्याच रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भोपळा उकडला होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी तिचा नवरा डेरामान तिथेच, सहा नंबरच्या वॉर्डात पडून होता. बारा दिवस त्यानं ताटाला हात लावला नाही. “थोडा पाला दे गं, बुडूत बुडवून,” एवढंच म्हणायचा. माशांच्या त्या आंबवलेल्या रसाशिवाय आणि मूठभर कच्च्या, वासाच्या पानांशिवाय त्याला जेवण जेवणच वाटायचं नाही. पण कच्चा पाला वॉर्डात न्यायचा नाही असा नियम होता. सपिया नियमाची बाई. तिनं तो पाळला.

तो गेल्यापासून मात्र तिनं रुग्णालयाचे उंबरे झिजवले. पानं मिठाच्या पाण्यात धुऊन देते, पण रोग्यांच्या ताटात वाढा. शेवटी डॉक्टर म्हणाले, वासापलीकडे त्यात काही आहे असं दाखवा, मग बघू.

“तुमच्या त्या यंत्राला सर्दी झाली असेल,” सपिया म्हणाली. “बस, जेव आधी.”

हसनिता चटईवर टेकली. सपियाच्या ताटातलं एक पान उचलून तिनं उजेडात धरलं. “मेक, ही तर सगळी चाळण झालीयेत.”

“ती आमची घरची. घाबरू नको, तुला तसली नव्हती दिली. सरकारी माणसांना काय किड्याचं उष्टं पाठवायचं? जाळीखाली, सावलीत वाढवलेली कोवळी पानं काढली तुझ्यासाठी. एकेक पुसून दिलं.”

हसनितानं कपाळाला हात लावला. “हे काय करून बसलात.”

“का? पाहुण्याला चांगलं द्यायचं नाही?”

“अहो, किडा चावला की झाड चिडतं. उन्हातान्हात, चावे सोसत ते आपल्या बचावाला सत्त्व तयार करतं. जाळीतलं लाडोबा झाड कशाला हात हलवेल? खात्री नाही देत मी, पण ही पाठवून बघू.”

सपिया हातही न धुता परसात पळाली. चौसष्ट वर्षांची बाई, पण वाफ्यावाफ्यांतून पोरीसारखी उड्या मारत होती. “हे बघ, ह्याचं तर नुसतं जाळंच उरलंय. घे. ह्याला अळीनं कोरलंय, हे पण घे.” ज्या अळ्यांना तिनं जन्मभर शिव्या घातल्या, त्यांतली एक आज बोटावर चढली, तर तिला अलगद फांदीवर ठेवून दिली.

तीन आठवड्यांनी फोन आला. “मेक, तिपटीच्या वर. डॉक्टरांनी सही केली.”

“परत सांग,” सपिया म्हणाली. हसनितानं परत सांगितलं. सपियानं तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

पहिल्या दिवशी ताटांची गाडी तिनं स्वतःच ढकलली. सहा नंबरच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा कोळी होता. त्यानं पान निरखून पाहिलं.

“बाई, हे आधी कुणीतरी जेवून गेलंय. तुमच्यात निवडायला माणूस नाही का?”

“मीच निवडलीत,” सपिया म्हणाली. “एकूण एक.”

म्हाताऱ्यानं नाक मुरडलं, पान बुडूत बुडवलं आणि तोंडात टाकलं. चावता चावता त्याचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं ताट पुढे केलं.

तिनं आणखी वाढलं आणि तिथेच उभी राहिली. पुढची खाट खोळंबलीय म्हणून नर्सला दोनदा हाक मारावी लागली.