हिरामणचा पहिला फोटो

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. गोळीच्या पुडीत निघतो ना, तसला. तळहातावर मावेल एवढा. कडा झिजल्यात, एका कोपऱ्याला तेलाचा डाग आहे, तरीही मी जरा तोऱ्यातच बोलणार आहे. कात्रीच्या दोन पात्यांत सापडून मी आख्खा सुटलो आहे. असं ज्याला जमलं, त्याने थोडा तोरा मिरवला तर काय बिघडलं?

माझा जन्म खालापूरच्या मैदानावरचा. होळी झाली की तिथे कबड्डीचे सामने भरायचे. खोपोलीचा एक गोळीवाला म्हणाला, गड्यांचे फोटो छापून पुडीत घालू, पोरं तुटून पडतील. त्याने कर्जतहून फोटोवाला आणला. हिरामण तेव्हा डाव्या कोपऱ्याला खेळायचा आणि कोंडीराम त्याच्या शेजारी. फोटोवाला म्हणाला, एकेकटे उभे राहा. पण या दोघांना एकेकटं उभं राहायची सवयच नव्हती. चढाईला गडी आला की शेजाऱ्याचा हात धरून साखळी करायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. कोंडीरामने हिरामणचं मनगट पकडलं, तसेच दोघे कॅमेऱ्याकडे बघून हसले, आणि मी झालो.

पुढच्याच पावसाळ्यात कोंडीरामला काविळीने नेलं. त्याची लेक जया तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता, म्हणून त्याच्या बायकोने, भीमाबाईने, मला लुगड्याच्या घडीत जपून ठेवलं. पुढे ती मोहोपाड्याला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला लागली. तिच्या ट्रंकेतून मीही तिथल्या वसाहतीत आलो. खरं सांगतो, मला राग यायचा. पोरांच्या हातात मिरवायला जन्मलेल्या फोटोने डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षं काढायची! भीमाबाई कधीतरी मला बाहेर काढायची, बघायची, रडायची आणि परत ठेवून द्यायची.

इकडे हिरामण मोठा झाला, महाराष्ट्राच्या संघात गेला. मुंबईच्या एका चिंगम कंपनीने त्याचा फोटो छापून पुडीत घातला आणि वसाहतीतल्या पोरांना नुसतं वेड लागलं. त्यातच बातमी आली की मोहोपाड्याच्या सामन्यांना हिरामण पाहुणा म्हणून येणार. त्याला हार घालायला वसाहतीतलं एक मूल हवं होतं. कोण, ते मुलांनीच ठरवायचं. मुलांनी ठरवलं की ज्याच्याकडे हिरामणचा पहिला फोटो असेल, त्याने हार घालायचा.

ठरवायला काय जातं? पण पहिला म्हणजे कोणता, तिथे घोडं अडलं.

सुपरवायझरच्या कमळ्याकडे चिंगमचा गुळगुळीत फोटो होता. तो पहिल्याच पुडीत निघाला, असं तो शपथेवर सांगे. जयाने आईला न विचारता मला ट्रंकेतून काढलं. तिला हाराची हौस नव्हती. बापाचं बोलणं, चालणं, काहीच तिला आठवत नव्हतं. आईला विचारावं तर आई रडायला लागायची. हार घालताना हिरामण घटकाभर समोर उभा राहील, तेवढ्यात त्याला विचारून घेऊ, एवढंच तिच्या मनात होतं.

पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर सगळी जमली. धाऊ सगळ्यांत मोठा, म्हणून तो पंच.

"ह्यो कसला पैला?" कमळ्या म्हणाला. "तवा हिरामणला कोन वळखत व्हतं? म्हाराष्ट्राकडनं खेळला, तवा तो हिरामण झाला."

"म्हंजे त्याच्या आदी तो जन्मलाच नवता व्हय रं?" जया म्हणाली.

पोरं खो खो हसली. धाऊने मला उलटसुलट करून पाहिलं. "जुना तर हाय. पुडीतनंच निघालेला हाय. पन यात गडी दोन. दोघांचा फोटू एकाचा पैला कसा धरायचा?"

"मी तेच म्हनतोय!" कमळ्या उसळला.

"मग कापू," धाऊ म्हणाला. "हिरामण येगळा काढू. एकट्याचा झाला का चालंल. हार जया घालंल."

कमळ्याने जयाकडे पाहिलं. ती कापणार नाही, अशी त्याची खात्री होती. तो घरी पळाला आणि आईची शिवणाची कात्री घेऊन आला. "घे, काप. नायतर माझाच पैला धरा."

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. बापाबद्दल विचारायचं, तर आधी बापालाच कापून टाकायचं, असा तो न्याय! ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता उठेल आणि मला घेऊन घरी जाईल. पण ती म्हणाली,

"काप. पन बापाची बाजू मला परत दे. इस्कटू नको."

धाऊने मला पायरीवर ठेवलं. वाकडं कापलं जाऊ नये म्हणून त्याने कमळ्याचा फोटो मापासाठी माझ्यावर ठेवला. हिरामणवर हिरामण. कात्री उघडली. थंड पातं माझ्या कडेला टेकलं.

"थांब!" जया ओरडली. "धाऊदादा, थांब रं! ही बोटं कोनाची?"

कमळ्याच्या गुळगुळीत फोटोत, अगदी कडेला, हिरामणच्या मनगटावर चार बोटं होती. इतके दिवस कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"हिरामणचीच असतील," कमळ्या म्हणाला.

"त्याचा एक हात मांडीवर हाय, दुसरा ह्यो. मग तिसरा आला कुठनं?"

धाऊने वरचा फोटो हळूच सरकवला. ती चार बोटं पुढे माझ्यावर चालू झाली. बोटांना हात होता, हाताला खांदा, आणि खांद्यावर हसणारा कोंडीराम. हिरामणचं हसू तेच, चड्डीवरचा मातीचा डाग तोच. कंपनीने माझ्याच दुसऱ्या एका प्रतीतून हिरामण कापून घेतला होता.

धाऊने कात्री मिटली. "कापलेला आदी कसा असंल?" तो म्हणाला. "आदी आख्खाच असतो. हार जया घालंल."

आपला फोटो खिशात घालायचंही कमळ्या विसरला.

सामन्याच्या दिवशी जयाने टाचा उंचावून हार घातला आणि लगेच मला पुढे केलं. "ह्यो माजा बाप. कसा व्हता वो?"

मागे शिट्टी वाजत होती, लोक बोलावत होते. हिरामण मला बघत उभाच राहिला.

"तुजा बाप माजं मनगट धरायचा ना, तवा मला मागं बघावं लागत नवतं," तो म्हणाला. "कंपनीनं एकट्याचा फोटू मागितला. माज्याकडं ह्योच व्हता. म्हनलो, काय करायचं ते करा. नाय म्हनायला पायजे व्हतं, पोरी."

गळ्यातला हार काढून त्याने तिच्या हातात दिला. "घरी ने. कोंडीरामला घाल."

घरी भीमाबाई उघड्या ट्रंकेपाशी बसली होती. मला बघताच तिने जयाला एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरलं. जयाने मला फळीवर उभं केलं आणि हार घालायला गेली, तर आईने तिचा हात धरला. "अगं, हिरामण जिता हाय! जित्या मानसाच्या फोटूला हार घालतात व्हय?"

जया गोंधळली. तिची नजर नकळत चुलीपाशी ठेवलेल्या विळीकडे गेली.

"नाय," भीमाबाई म्हणाली. तिने हारातला एक झेंडू तोडला आणि माझ्यासमोर ठेवला, कोंडीरामच्या बाजूला.

मित्रांनो, तुमच्या घरीही असे जुने फोटो असतील. नको असलेला माणूस कापून चौकट नेटकी करावी, असं कधी वाटलं तर कापण्याआधी कडेला नीट बघा. तिथे कोणीतरी कोणाचं तरी मनगट धरून उभं असतं.