लाल रेघेपर्यंत मागे

पान संपलं तरी अर्पिता वाचतच राहिली.

हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. हेडमास्तर, कमी दिसणाऱ्या मुलांना शिकवायला दर बुधवारी स्कूटीवर येणाऱ्या धम्मशीला मॅडम, माझी सून डिंपल, मी, आणि टेबलाशी ओळीवर बोट ठेवून बसलेली माझी नात. पोरगी घडाघडा बोलत होती. बोट डावीकडून उजवीकडे नीट सरकत होतं. हेडमास्तरांची मान डोलायला लागली होती. बोट शेवटच्या ओळीवर पोचलं, तिथेच थांबलं, आणि तोंड चालूच राहिलं. पुढचं पानामागे छापलेलं होतं. ते तिने पान न उलटताच म्हणून दाखवलं.

मी तिला सगळं शिकवलं होतं. बोट कसं सरकवायचं, कुठे दम घ्यायचा, मध्येच एखाद्या शब्दावर अडखळल्यासारखं कसं करायचं. पान कुठे उलटायचं ते तेवढं राहून गेलं.

"थांब बाळा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"कोणी पाठ करून घेतलं हे?" हेडमास्तरांनी विचारलं.

डिंपल खाली बघायला लागली. मी म्हणाले, "म्या. सुनेनं वाचलं, म्या घोकून घेतलं. गुन्हा केला काय? तुमच्या शायेत सारेच तं घोकतात."

"घोकू द्या न आजी," मॅडम म्हणाल्या. "पण तिले वाचता येते म्हणून आम्हाले दाखवलं तुम्ही."

"दिसते तिले. बारीक अक्षर दिसते. सुईत दोरा ओवते पोट्टी."

हे खोटं नव्हतं. अर्पिताला दिसतं, पण बांगडीतून बघावं तेवढंच दिसतं. बांगडीच्या आत सगळं स्वच्छ, बाहेर काही नाही. वर्गात बाकाला धडकते, अंधारून आलं की उंबरा सापडत नाही. पेपरात दोन प्रश्न सोडवून येते, कारण बाकीचे पानावर कुठे आहेत ते तिला सापडत नाहीत. मी मॅडमना पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक आणा. त्या म्हणाल्या, "आजी, अक्षर मोठं केलं तं बांगडीत मावत नाही. तिले अक्षर नाही, ओळ सापडत नाही." मला ते पटलं नव्हतं. सरकारी माणसं द्यायचं नसलं की असंच काहीतरी सांगतात, असं मी गावभर सांगितलं होतं.

हेडमास्तरांचं म्हणणं होतं की तिला अंध मुलींच्या निवासी शाळेत घालावं. दीडशे किलोमीटरवर. ती दिवाळीत आणि उन्हाळ्यात घरी येईल.

"माह्या घरात कोणी आंधळं नाही," मी म्हणाले.

मग मॅडमनी हेडमास्तरांना सहा आठवडे मागितले. सहा आठवड्यांनी तिने कधीच न पाहिलेलं पान तुम्ही स्वतः काढा, ती वाचेल. नाही वाचलं तर दाखल्यावर सही करा. हेडमास्तर हो म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "अन् घोकंपट्टी नाही पाहिजे."

घरी आल्यावर मी मेथी निवडायला बसले. दोन जुड्या. निवडून झाल्यावर पाहिलं तर काड्या टोपलीत आणि पानं केरात. ती पानं धुऊन घेतली. मला त्याचं काही वाटलं नाही. आजकाल बऱ्याच गोष्टींचं वाटत नाही.

ते कधीपासून, तेही मला नीट सांगता येतं. मागल्या वर्षी अकोल्याच्या डॉक्टरने अर्पिताच्या डोळ्यांत थेंब घातले, तास-दीड तास बसवून ठेवलं, आणि मग विचारलं, "आईवडिलांचं नात्यातलं लग्न आहे का?" माझा मुलगा हर्षल मशीनकडे बघत बसला. डिंपल माझ्या सख्ख्या भावाची पोर. पिंपळगाव राजाहून मी हट्टाने आणलेली. भाऊ म्हणत होता, तिला नर्सिंग करू दे. मी म्हटलं, पोरगी आत्याच्या घरी येते, याहून काय पाहिजे. आमच्यात मामाच्या पोरीवर आतेभावाचा हक्कच धरतात, तो मी सोडणार होते होय. डॉक्टरला उत्तरही मीच दिलं. "हाव. म्याच जमवलं." त्याने लिहून घेतलं. रक्तात दोन्हीकडून आलं की असं होऊ शकतं, म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या दिवसापासून डिंपल मला एक शब्द बोललेली नाही. तशी बोलते. आत्या जेवून घ्या, आत्या पाणी तापलं. तो एक शब्द बोलत नाही. बोलली असती तर मी चार परत दिले असते. गावात माझ्या तोंडापुढे कोणी टिकत नाही. पण समोरचं माणूस बोलतच नसेल तर तोंड घेऊन काय करायचं?

पुढच्या बुधवारी मॅडम शाळा सुटल्यावर घरी आल्या. परात मागितली. तिच्यात तूर पसरली आणि शर्टाची दहा बटणं टाकून कालवली.

अर्पिताने परातीत हात घातला.

"हात मागे बांध," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांनी शोध. सापडलं की मंग उचल."

पोरीची नजर कोंबडीसारखी इकडे एक टोच, तिकडे एक टोच. बराच वेळ गेला, चारच बटणं सापडली. एक तर तिच्या नाकासमोर होतं. मी पदर सावरायच्या निमित्ताने बोटाने ते जरा पुढे ढकललं.

"आजी, तुम्ही उठा इथून."

"माह्या घरात मलेच उठवता?"

"हाव. ओसरीत बसा."

मी उठले. हर्षलच्या बापाने उभ्या जन्मात मला उठ म्हटलं नव्हतं. ही परवाची पोरगी म्हणाली आणि मी उठले. ओसरीतून सगळं ऐकू येत होतं. परातीच्या डाव्या काठापासून सुरू कर. वरची पट्टी आधी, उजव्या काठापर्यंत. मग तिच्याखालची. मधातच कुठं जाऊ नको. संध्याकाळी अर्पिता दहाच्या दहा बटणं माझ्या हातावर ठेवून गेली. मी मोजली आणि डब्यात टाकली.

परात दोन आठवडे चालली, मग पुस्तक आलं. मॅडमनी पानाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल चिकटपट्टी लावली. "ओळ संपली की खाली उडी मारायची नाही. वाचली त्याच ओळीवरून मागं यायचं, लाल रेघ दिसेपर्यंत. मंग एक ओळ खाली."

मला राहवलं नाही. ओसरीतूनच म्हणाले, "निंदून झालेल्या पातीवरून, त्याच ओळीवरून, रिकामं मागं यायचं? अशा बाईले मी दुसऱ्या दिवशी वावरात पाय ठेवू देणार नाही."

"अन् निंदता निंदता एखादी बाई आपली पात सोडून दुसरीच्या पातीत शिरली तं काय करता?"

"काय करते म्हंजे? धुऱ्यावर आणते, वावराच्या कडेले, अन् तिथून पुन्हा धरायले लावते."

"मंग ही लाल रेघ तिचा धुरा समजा," मॅडम म्हणाल्या.

चाळीस वर्षं मी बायांच्या मागे उभी राहून पाती मोजल्या. कोणाची पात कुठे सुटली ते मला धुऱ्यावरून दिसतं. घरात पोरीची ओळ सुटत होती, ते दिसलं नाही. मी तिच्या हातात वस्तू देत राहिले. पाण्याचा गिलास, कंगवा, दप्तर. तिने हात पुढे केला की वस्तू हातात. घरातल्या घरात कोणाला कळू नये, आणि तिलाही कळू नये, असा तो बंदोबस्त होता.

सवय लवकर जात नाही. एकदा जेवताना तिने पाण्यासाठी हात पुढे केला आणि मी गिलास धरला. डिंपलने माझ्या हातातून तो घेतला आणि ताटाच्या पलीकडे, हातभर लांब ठेवला.

"तिले पाहू द्या आत्या."

"आता तू शिकवशीन मले?"

"हाव," ती म्हणाली.

मी वाट पाहिली. वाटलं, आता पुढचं येईल. अर्पिताने मान डावीकडे नेली, ताटाच्या कडेने हळूहळू आणली, गिलास दिसला, उचलला, प्यायली. डिंपल पोळी लाटायला गेली. पुढचं काही आलं नाही.

एक पान वाचायला तिला पाव तास लागायचा. रोज तीन पानं. ओळीवरून जायचं, परत यायचं, खाली उतरायचं. मी ऐकत ऐकत काम करायचे. तिसऱ्या ओळीनंतर पाचवी आली की मला धडा माहीत नसतानाही कळायचं, वाक्य मध्येच तुटायचं. तोंडापर्यंत आलेलं मी गिळायचे. थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणायची, "जमलं नाही," आणि लाल रेघेवर जायची.

सहावा आठवडा भरला. हेडमास्तरांनी कपाटातून सहावीचं पुस्तक काढलं, मधलंच एक पान उघडलं. मॅडमनी कडेला लाल पट्टी लावली. मला बाहेर बसायला सांगितलं होतं. या वेळी डिंपलही बाहेर होती. आम्ही दोघी व्हरांड्यात खिडकीखाली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"आधी सांग, प्रश्न कुठून सुरू होतात?" हेडमास्तरांचा आवाज.

आत खुर्ची एकदा करकरली, पुन्हा करकरली. मग अर्पिता म्हणाली, "चित्राच्या खाली. पाच हायेत."

मग ती वाचायला लागली. हळू. निंदणारी बाई नवी असली की कशी जाते, तशी. दोनदा ओळ चुकली, दोनदा ती स्वतःच मागे गेली. डिंपलच्या हातात रुमाल होता, त्याची तिने पार दोरी करून टाकली. माझे हात मांडीवर पडून होते. पान संपलं, आणि कागदाचा आवाज आला. तिने उलटलं.

हेडमास्तर म्हणाले, "राहू द्या हिले इथंच. सातवीपर्यंत तं राहू द्या. पेपराले वेळ वाढवून मागू."

मॅडमनी बाहेर येऊन आम्हाला ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की बांगडी अजून लहान होत जाईल. किती, कधी, कोणी सांगू शकत नाही. म्हणून जूनपासून बोटाने वाचायचे ठिपकेही शिकवायला घेऊ. "दोन्ही येऊ द्या तिले."

"येऊ द्या," डिंपल म्हणाली.

मी आंधळं हा शब्द ऐकायची वाट बघत होते, पण कोणी म्हणालं नाही.

वर्ग चालू होते. व्हरांड्यात पोरांच्या चपलांचा खच पडला होता, एकीवर एक. अर्पिता खोलीतून बाहेर आली आणि दाराशी थांबली. हात मागे बांधले. डावीकडच्या खांबापासून तिची मान निघाली, भिंतीपर्यंत गेली, त्याच वाटेने खांबापर्यंत परत आली, आणि जराशी खाली उतरली.

तिची एक चप्पल खिडकीखाली उलटी पडली होती. ती मला कधीच दिसली होती. दुसरीचा अर्धा भाग माझ्या पायाखाली होता. डिंपल माझ्याकडे बघत होती.

मी पाय उचलून मागे घेतला आणि उभी राहिले.