साडेआठच्या गाडीवरचे काजू

बयाबाईच्या हातचा काजू फुटत नाही, हे आजऱ्याकडं शेंबडं पोरही सांगायचं. म्हणजे फोडणाऱ्या बाया वेगळ्या, चांगल्या तीस जणी. पण कच्ची बी वाफेवर शिजवायची ती बयाबाईनंच. वाफ कमी पडली तर टरफल सुटत नाही, जास्त झाली तर आतला गर पिवळा पडतो आणि हात लावला की तुकडे. गावच्या महिला काजू सोसायटीत एकोणीस वर्षं ही वाफ तिनं सांभाळली होती, आणि तिला त्याचा तोरा होता. असायलाच पाहिजे की. अख्ख्या गराला गिऱ्हाईक रांग लावतं, तुकड्याला कोण विचारतंय?

दुखणं होतं ते डिझेलचं. वाफेच्या कुकरखालचा बर्नर डिझेल असा ढोसायचा की वर्षभर राबून बायकांच्या वाट्याला टरफलाच्या चिकानं काळी झालेली बोटं तेवढी उरायची. वर धुरानं भिंती काळ्या, डोळे लाल. अध्यक्षीण धोंडुबाई फटकळ बाई. तिनं बैठकीत सरळ सांगितलं, की एवढा हंगाम काढायचा आणि कुलूप लावायचं. कारखाना बंद म्हणजे तीस जणींना पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर तण भांगलायला जाणं आलं.

तेवढ्यात कोल्हापूरहून संयोगिता आली. पोरगी तिशीची, बोलायला गोड आणि कामाला खमकी. दूधसंस्था, बोर्डिंगं, लहान कारखाने, सगळ्यांना डिझेल-तेलाच्या बॉयलरमधून सोडवायचं आणि स्वस्त, बिनधुराच्या ऊर्जेवर आणायचं, हेच तिचं काम. ती म्हणाली, छतावर सोलर घालू, खाली विजेवरचं वाफेचं मशीन ठेवू. पंधरा दिवस वापरून बघा, नाही पटलं तर मी स्वतः उचलून नेते. धोंडुबाईनं नाक मुरडलं. तेव्हा बयाबाई उठली.

"ठेवा मशीन," ती म्हणाली. "वाफ मी बघतो. बिघडलं तर माज्या नावानं बोला."

आणि बिघडलं की हो. पहिल्याच घाण्याचे काजू दुसऱ्या दिवशी फोडायला घेतले, तर निम्मे पिवळे आणि सुपात नुसता चुरा. दुसरा घाणा तसाच, तिसरा त्याहून वाईट. फोडणाऱ्या बाया बयाबाई जवळ आली की तुकड्यांचं सूप पदराआड करायला लागल्या. तिला जेवण गोड लागेना. आपल्या शब्दावर मशीन ठेवलं, आता आपल्याच पायी सगळ्यांचं काम जातंय, हे तिला आतून कुरतडत होतं. संयोगितानं फोनवर विचारलं, वाफ आल्यावर वीसच मिनिटं ठेवताय ना? बयाबाई म्हणाली, व्हय, वीसच. खोटं नव्हती बोलत बिचारी. भिंतीवरच्या तक्त्यात वीस लिहिलेलं होतं, सगळे वीस म्हणायचे, तीही म्हणायची. घड्याळ मात्र तिनं जन्मात लावलं नव्हतं.

पाचव्या दिवशी संयोगिता पहाटेची निघून स्वतः आली. दाब बघितला, तारा तपासल्या, पाणी बघितलं. सगळं जिथल्या तिथं. पावणेआठला बयाबाईनं रोजच्यासारखं मशीन चालू केलं. पाच मिनिटांत वाफ फुसफुसायला लागली. संयोगिता भिंतीला टेकून उभी राहिली. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. बयाबाई वाफेच्या चावीवर हात ठेवून शांत उभी.

शेवटी संयोगिताला राहवेना. "मावशी, बंद कधी करणार?"

"गाडी आली न्हाय अजून."

"कोण यायचंय गाडीनं?"

"कोण न्हाय," बयाबाई म्हणाली, आणि तिचा चावीवरचा हात तसाच राहिला.

गडहिंग्लजहून येणारी साडेआठची एसटी. वळणावर भोंगा वाजला की वाफ बंद, ही एकोणीस वर्षांची सवय. पावणेआठला बर्नर पेटवायचा, त्या म्हाताऱ्या कुकराला पाणी तापवायलाच पंचवीस मिनिटं लागायची, मग भोंग्यापर्यंत राहायची ती वीस. नव्या मशीनला पाचच मिनिटं पुरत होती, आणि काजू मात्र गाडीची वाट बघत शिजत बसले होते. आज तर गाडी कुठं घाटात पंक्चर होऊन पडली होती कुणास ठाऊक. बयाबाईनं चावी फिरवली. चूक कुठं झाली ते तिलाही कळलं आणि संयोगितालाही.

आणि नेमकी त्याच वेळी धोंडुबाई तुकड्यांनी भरलेलं सूप घेऊन दारात. मागं तीसच्या तीस बाया. ती संयोगिताला म्हणाली, बाई, लई झालं, आजच सोडवा तुमचं मशीन. संयोगितानं एकदा बयाबाईकडं बघितलं आणि मान खाली घातली. म्हणाली, चूक माझी असेल, मी दाब नीट लावून दिला नसेल.

गप्प बसली असती तर बयाबाईचं नाव शाबूत राहिलं असतं. मोह झाला तिला, का खोटं सांगायचं? एकोणीस वर्षांत त्या नावाशिवाय तिनं कमावलं तरी काय होतं? पण समोर ही परकी पोर तिच्यासाठी खाली मान घालून उभी होती, आणि दारात तीस जणींची चूल.

"तिची न्हाय, माजी चूक हाय," बयाबाई बोलली. "मी घड्याळावर शिजवत न्हाय. गाडीच्या भोंग्यावर शिजवतो."

तिनं सगळं उलगडून सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा कारखाना हसायला लागला. बयाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धोंडुबाई तेवढी हसली नाही. तिनं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि मशीनच्या चावीला अडकवलं.

"आणि एक घाणा घाल," ती म्हणाली. "उद्या अख्खे निघाले न्हाईत, तर मशीन बी जाईल आन् कुलूप बी लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बी बयाबाईनंच फोडायला घेतली. टरफल सुटलं आणि आतून गर निघाला तो पांढराशुभ्र, अख्खा, लहान बाळाच्या करंगळीएवढा. दुसरा तसाच. दहावा तसाच. धोंडुबाईनं एक गर उचलून उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि तोंडात टाकला. मग कपाटातलं नवंकोरं कुलूप काढून तिनं संयोगिताच्या हातात दिलं. म्हणाली, कोल्हापुरात कुणाला लागत असंल तर द्या, आम्हाला काय उपेग न्हाय त्याचा. बयाबाईनं पदर डोळ्यांना लावला, आणि यावेळी धुराचं निमित्त सांगायला धूरही नव्हता.

नवा घाणा सव्वाआठच्या आतच उतरला. साडेआठला वळणावर भोंगा वाजला तेव्हा तिच्या हाताला काही काम नव्हतं. ती चहाची कपबशी घेऊन रस्त्यावर आली. गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, मावशी, कुठं जायचं?

"कुठं न्हाय," बयाबाई म्हणाली. "एकोणीस वर्षं तुमच्या गाडीवर काजू शिजवलं. म्हटलं, दिसती तरी कशी, बघून यावं."