नगेटची झोप

"आई, तिला उचलू नका हं! सवय लागेल!" सीमा जिन्यावरून ओरडली, तेव्हा पिल्लू रंभाबाईंच्या मांडीवर होतंच.

"अगं, मी कुठे उचललं? आपणहून चढली!" रंभाबाई सुनेला म्हणाल्या. धादांत खोटं. पण करणार काय? एवढासा जीव क्रेटच्या, म्हणजे पिंजऱ्याच्या, जाळीला नाक लावून सारखा कुंई कुंई करत होता, आणि पलीकडच्या शेजारणीने भिंतीवर थापा मारून झाल्या होत्या.

पिल्लाचं नाव नगेट. नातीने, म्हणजे अन्वीने, ठेवलेलं. आता खायच्या वस्तूचं नाव कुणी लेकराला ठेवतं का? पण रंभाबाईंना विचारतो कोण! त्यांनी आपलं परस्पर 'नगू' करून टाकलं.

या नगूने रात्रभर रडून लंडनमधल्या, हाउन्सलोच्या त्या घराची पार दैना केली होती. मुलगा प्रज्ञेश मीटिंगमध्ये पेंगायचा. सीमा एअरपोर्टजवळच्या गोदामात पहाटेच्या शिफ्टला जायची, ती डोळे तारवटून. आणि जिच्या हट्टापायी कुत्रं आलं ती अन्वी कानांत बोळे घालून खुशाल झोपायची. शेवटी सीमाने फोनवर एका ट्रेनरबाईला गाठलं. ती म्हणाली, पिल्लू आईला सोडून आलंय, घाबरणारच. कुणीतरी त्याच्या क्रेटशेजारी झोपा. मग रोज अंथरूण थोडं थोडं लांब न्या, आणि एक दिवस खोलीबाहेर पडा.

"कुणीतरी म्हणजे कोण?" प्रज्ञेशने विचारलं, आणि तिघांनीही रंभाबाईंकडे पाहिलं.

नगू यायच्या आधी त्या घरात विषय वेगळाच होता. तासाभरावरच्या वॉटफर्डला म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेले छोटे फ्लॅट होते. "आई, तिथे लिफ्ट आहे, देखरेखीला वॉर्डन आहे, तुमच्या वयाची कंपनी आहे," असं सीमा जेवताना वाढता वाढता म्हणायची. प्रज्ञेशला घरून काम करायला खोली हवी होती, हे मात्र कुणी म्हणायचं नाही. नवरा गेल्यावर रंभाबाई इथे आल्या, त्या अन्वीला सांभाळायला. तळहाताच्या फोडासारखं जपलं पोरीला. आता ती आजीपेक्षा उंच झाली. गरज सरो, वैद्य मरो!

वॉटफर्डला त्यांच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. इथे रविवारचं विहार होतं, वंदना झाल्यावर डबे उघडून गप्पा मारायला धम्मशीलाताई होत्या, आणि शाळेतून आल्यावर बॅग फेकून "आजी, भूक लागला!" म्हणणारी अन्वी होती. तिच्या मराठीची कायम अशीच बोंब. पण ती 'भूक लागला' ऐकण्यासाठी रंभाबाई दुपारपासून घड्याळ बघायच्या. ते सुटायला नको, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी स्वयंपाकघरात गादी टाकली. क्रेटच्या जाळीतून हात घालून नगूला थोपटत बसल्या, अन्वीला थोपटायच्या तशाच. नगूने हुंदके दिल्यासारखं केलं, बोट चोखलं आणि झोपली. मग ट्रेनरबाईच्या सांगण्याप्रमाणे गादी सरकत गेली. ओट्यापाशी, दारापाशी, पॅसेजमध्ये. घरात कौतुकच कौतुक! "आई, यू आर अ स्टार," सीमा म्हणाली. लग्न झाल्यापासून सुनेच्या तोंडून निघालेला हा पहिला बरा शब्द. वॉटफर्डचं नाव कुणी काढेना. रंभाबाई मनापासून सुखावल्या.

आणि मग नगू एकटी, खाली, सकाळपर्यंत गाढ झोपली. सीमाने केक आणला. अन्वीने टाळ्या वाजवल्या. केक कापता कापता सीमा म्हणाली, "चला, हेही मार्गी लागलं. आई, शनिवारी वॉटफर्डचा फ्लॅट बघून येऊ. प्रज्ञेश, तू तो दिवस फ्री ठेव."

रंभाबाईंनी केकची बशी खाली ठेवली. अगं बाई गं! आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला!

दुसऱ्या दिवशी पहाटे, सीमा उठायच्या आधी, त्या जिना उतरल्या. नगू पोटाशी पाय घेऊन झोपली होती. रंभाबाईंनी जाळीतून हात घातला, तिचा मऊ कान चिमटीत धरला आणि जोरात पिळला.

पिल्लू असं किंचाळलं की त्यांनी हात झटकन मागे घेतला. वर दिवे लागले. सीमा धावत आली, तोवर पिल्लू रंभाबाईंच्या पदराखाली होतं आणि त्या "ओ ओ, नाही हं, नाही हं" करत थोपटत होत्या. बाळाला चिमटा काढायचा आणि पाळणाही हलवायचा, म्हणतात ना, ते शब्दशः.

त्या सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणायला बसल्या, तर पहिल्याच शीलाशी जीभ अडखळली. जीवहिंसा न करण्याचं शील ते. त्यांनी ते गिळलं आणि चोरी न करण्याच्या शीलापासून सुरुवात केली.

शनिवार टळला. "आई, सध्या तुमच्याशिवाय होत नाही बघा," सीमा वैतागून म्हणाली. रंभाबाईंना ते अमृतासारखं लागलं. मग रोज पहाटे तेच. आधी दोन्ही कान आलटून पालटून, नंतर कानाला सूज दिसेल म्हणून पोटाची कातडी. शरम वाटत नव्हती असं नाही. पण शरमेपेक्षा वॉटफर्डची भीती मोठी होती.

ही एकाएकी का किंचाळते ते कळावं म्हणून सीमाने मसाल्यांच्या डब्यांमागे बोटाएवढा कॅमेरा लावला. सासूला सांगायचं तिला सुचलंही नाही.

सीमाच्या सुट्टीच्या सकाळी चहाच्या टेबलावर फोन उभा करून सगळे बसले. पडद्यावर रंभाबाईंचा हात जाळीतून आत गेला. नगू जागी झाली, शेपूट हलवलं आणि तिने आधी तो हात चाटला. मग किंकाळी.

सीमाने व्हिडिओ मागे नेला आणि पुन्हा लावला.

"माझं चुकलं," रंभाबाई म्हणाल्या. "मला तिकडे जायचं नव्हतं गं. मी काय करू?"

सीमा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "अन्वी पण तुमच्याच कुशीत झोपायची ना? ती पण अशीच किंचाळून उठायची. मी शिफ्टवर. आणि मीच लोकांना कौतुकाने सांगायचे, आजीशिवाय पोर झोपतच नाही."

"सीमा! काय बोलतेस हे? त्या लेकराला मी कधी बोट लावलं नाही!"

"पिल्लालाही लावलं नव्हतंच की. आम्हाला कळेपर्यंत."

अन्वीचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. "आजी, तू मला पण असा केलास?"

"नाही गं सोन्या! तुझी शपथ घेऊन सांगते..."

"तिची शपथ नको, आई," प्रज्ञेश म्हणाला.

फ्लॅट न बघताच होकार कळवला गेला. किल्ली मिळेपर्यंत रंभाबाईंना कुणी वावगं बोललं नाही. त्यांनी प्रज्ञेशला एकदा विचारलं, तुला खरंच तसं वाटतं का रे? तो म्हणाला, "आता कसं कळणार, आई?" अन्वी शाळेतून आली की थेट वर जायची. भूक लागली तर आईला मेसेज करायची. रात्री स्वयंपाकघराला कुलूप लागायचं आणि नगू सकाळपर्यंत शांत झोपायची. सीमा हे रोज चहा देताना न चुकता सांगायची.

निघायच्या दिवशी सामान गाडीत भरलं. अन्वी नगूला कडेवर घेऊन दारात उभी होती. रंभाबाई जवळ आल्या तशी नगू शेपूट हलवत त्यांच्याकडे झेपावली. मुक्या जिवाच्या मनात काही राहिलं नव्हतं. रंभाबाईंनी हात उचलला, तो पिल्लासाठी नव्हे, अन्वीच्या गालासाठी.

अन्वी एक पाऊल मागे सरकली. "बाय, आजी," ती म्हणाली.

"नीट जेवत जा," रंभाबाई म्हणाल्या, आणि त्याच हाताने त्यांनी गाडीचं दार उघडलं.