बूटवाल्यांची पायरी

तळ्याचा काठ सुधारायला सरकारी पैसा मंजूर झाला होता. पण गावाचा वाटा भरल्याशिवाय एक दगडही बसणार नव्हता. तो वाटा बाजारातले बूटवाले शेठ द्यायला तयार होते. अट एकच: काठावर पुरुषभर उंच भिंत आणि तिच्यावर त्यांच्या वडिलांचं नाव.

कामावरच्या अभियंताबाई पेचात पडल्या. हो म्हणावं तर तळं झाकलं जाणार, नाही म्हणावं तर योजनाच बुडणार.

त्यांनी वाद घातला नाही. भिंतीच्या जागी दोन बांबूंना चादर बांधली, समोर खुर्ची मांडली आणि शेठना तिथे बोलावलं. शेठ थोरल्या बहिणीला, अक्कांना घेऊन आले. खुर्चीत बसून त्यांनी मान उंच केली, वाकडी केली.

“बाई, पाणी कुठंय?”

“तुमच्या वडिलांच्या नावामागे.”

अक्कांना खुदकन हसू फुटलं.

“मग नाव लावायचं तरी कुठं?” शेठ फुरंगटले.

“भिंतीऐवजी पायऱ्या करू. पहिल्याच पायरीवर.”

“म्हणजे बाबांचं नाव लोकांच्या पायाशी?”

“अरे वेड्या,” अक्का म्हणाल्या, “बाबा जन्मभर दुसरं कुठं बसले? दुकानात आल्यागेल्याचा पाय मांडीवर घेऊन बूट चढवायचे. चेहरा कसा, दारात देवच आल्यासारखा!”

शेठनी हळूच डोळे पुसले. मग उठून स्वतःच चादर सोडली. समोर तळं लखलखत होतं.

“मंजूर,” ते म्हणाले. “पण पायऱ्या बुळबुळीत नकोत हं, बाई. कुणी घसरलं, तर लोक आमच्या बुटांनाच नावं ठेवतील!”